शब्दचर्चा : कुकुडकोंबा, भारद्वाज की सोनकावळा?

प्रश्न

आमच्याकडे, वेंगुर्ल्याच्या बाजूला, खाडीकाठच्या कांदळाच्या कडेने आणि माडांच्या वाडीत लाल डोळ्यांचा, काळा, विटकरी पंखांचा एक मोठा पक्षी चालत फिरतो. आजी त्याला कुकुडकोंबा म्हणायची. शाळेत भारद्वाज शिकवला. पुण्यातले सासरचे सोनकावळा म्हणतात, आणि कुंभारकावळाही ऐकलंय. मुलीच्या निबंधात कुठला शब्द लिहायचा? आणि ‘कुकुड’ म्हणजे नेमकं काय?

उत्तर

चारही शब्द मराठीच आहेत, निबंधात कुठलाही चालेल. कुक्कुट म्हणजे संस्कृतात कोंबडा, आणि कोंबाही तोच. म्हणजे शब्दात कोंबडा दोनदा आला. मला स्वतःला वाटतं की पहिला भाग आवाजावरून टिकून राहिला असावा. पहाटे तो जाळीत बसून खोल, घुमणारं ‘कूप-कूप-कूप’ करतो, ते रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी हाक द्यावी तसं वाटतं. कुंभाराचं नाव या घुमण्यामुळे आलं की भाजलेल्या मडक्यासारख्या पंखांमुळे, दोन्ही पटण्यासारखं आहे. सोनकावळा मात्र उघडच रंगावरून.

उत्तर

भारद्वाजाबद्दल थोडं. अमरकोशात ‘व्याघ्राटः स्याद्भरद्वाजः’ असं आहे, आणि मोनियर विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात या दोन्ही शब्दांचा अर्थ चंडोल दिला आहे. कुठे आभाळात चढत गाणारा चिमुकला चंडोल आणि कुठे झुडपातून सरपटल्यासारखा जाणारा हा दीड फुटी पक्षी! मराठीत मात्र हे नाव याच्यावर पक्कं बसलंय, आता ते चूक म्हणणं मला मान्य नाही. शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात. भरद्वाज ऋषी आणि भारद्वाज पक्षी यांच्या लेखनातला काना तेवढा सांभाळा.

उत्तर

मला यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते वेगळंच. लोकांनी त्याला कावळा म्हटलं, कोंबडा म्हटलं, पण कोकीळ कुणीच म्हटलं नाही. आणि तो आहे कोकिळेच्याच कुळातला! कारण सरळ आहे : कोकिळेची ओळख म्हणजे कावळ्याच्या घरट्यात अंडी. संस्कृतात तर तिला परभृत, म्हणजे दुसऱ्याने पोसलेली, असंच नाव आहे. कुकुडकोंबा मात्र केवड्याच्या बनात किंवा दाट जाळीत पानाकाड्यांचा मोठा घुमटासारखा गोळा बांधतो आणि नर-मादी मिळून पिल्लं वाढवतात. खरं तर या कुळात सुमारे 150 जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त स्वतःच पिल्लं वाढवतात. कोकीळ, पावशा, चातक यांच्यामुळे सगळं कुळ बदनाम झालंय.

त्याचं शास्त्रीय नाव ‘सेंट्रोपस सायनेन्सिस’. सेंट्रोपस म्हणजे काट्याच्या पायाचा, मागच्या बोटाच्या लांब, सरळ नखीवरून. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, ही मात्र सगळ्या कुळाची खूण. कोंबड्याला तीन पुढे असतात, तेव्हा ओल्या चिखलात पाऊल दिसलं की नीट बघा.

उत्तर

याच धाग्यात एक जुनी खंत मांडतो : ‘कोकिळा गाते’ हे लिहिणं कमी व्हावं. ‘कुहू’ म्हणणारा काळाभोर असतो तो नर, कोकीळ. मादी तपकिरी, ठिपक्यांची, तिचा आवाज ‘किक्-किक्’ असा तुटक.

प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने निबंधात कुकुडकोंबाच लिहिला, कंसात भारद्वाज. ‘कुकुडकोंब्याने गोगलगाय फोडून खाल्ली’ हे तिने स्वतः पाहून लिहिलंय. आजी घराबाहेर पडताना तो दिसला की पिशवी खाली ठेवून हात जोडायची आणि म्हणायची, आज काम होतला.