गाडीचा इंडिकेटर बिघडला तेव्हा : आपल्या सीमाभागातले अनुभव

अनगोळ, बेळगाव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडं ऊसतोड सुरू होते आणि निपाणी, संकेश्वर, चिकोडी, अथणी अशा सगळ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. रात्री त्या रांगेतून वाट काढताना आपण कुठं वळणार हे मागच्याला कळलंच पाहिजे, नाहीतर जीवावर बेततं. आणि चार महिने पावसात भिजलेल्या गाड्यांचे इंडिकेटर नेमके याच दिवसांत दगा देतात. म्हणून हा धागा. तुमच्या कारचा इंडिकेटर बिघडला तेव्हा काय दिसत होतं, दोष शेवटी कुठं निघाला आणि कसा सापडला, ते लिहा. ‘गॅरेजला दिली, करून आणली’ एवढ्यावर थांबू नका, आत काय निघालं ते सांगा.

सुरुवात मी करतो. डावा इंडिकेटर दिला की टिकटिक दुप्पट वेगानं, उजवा मात्र नीट. पुढं-मागं २१ वॅटचा एकेक बल्ब आणि फेंडरवर (पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर) ५ वॅटचा छोटा, असा एका बाजूचा भार ४७ वॅट होतो. मोठा एक बल्ब गेला की भार जवळजवळ निम्म्यावर येतो. फ्लॅशरला, म्हणजे दिव्याची उघडझाप करणाऱ्या डबीला, ते कळतं आणि तो वेग वाढवतो. चालवणाऱ्याच्या लक्षात यावं म्हणून ही सोय मुद्दामच केलेली असते. एरवी मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप व्हावी असा नियम आहे. माझा मागचा बल्ब काढला तर काच आतून काळवंडलेली. तरी लगेच नवा घातला नाही. आधी उजवीकडचा चांगला बल्ब डावीकडं लावून पाहिला. तो पेटला, म्हणजे होल्डर आणि वायर ठीक. मग दुकानात गेलो.

जांबोटी, ता. खानापूर

दादा, तुमचं काम बल्बवर भागलं. आमच्याकडं बल्ब चांगला असतो आणि होल्डर गेलेला असतो. कणकुंबी, आमगाव भागातला पाऊस तुम्हाला माहीत आहेच, पावसाळाभर गाडी वाळतच नाही. माझा मागचा उजवा इंडिकेटर कधी लागायचा, कधी नाही. टेल लॅम्पवर थाप मारली की सुरू. बाहेर काढून पाहिलं तर लॅम्पच्या तळाशी पाणी साचलेलं आणि होल्डरमधल्या पितळी पट्टीवर हिरवट पूड धरलेली. बल्बच्या बुडाचा शिशाचा ठिपका, जिथून करंट जातो, तो खड्डा पडून चपटा झाला होता.

बॅटरीची मायनस काढून ठेवली. बारीक पॉलिश पेपरनं पट्टी चमकेपर्यंत घासली, पट्टीला थोडं वर उचललं म्हणजे बल्बवर दाब बसेल, आणि पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट फिरवलं. पण मूळ दुखणं पाण्याचं होतं. लॅम्पच्या मागचं रबरी पॅकिंग कडक होऊन एका कोपऱ्यात उचललं होतं आणि पाणी निघून जायला खाली जे बारीक छिद्र असतं ते चिखलानं बुजलं होतं. पॅकिंग नवं टाकलं, छिद्र मोकळं केलं. तेव्हापासून आत थेंब नाही.

आणखी एक, मनापासून सांगतो. चोर्ला घाटात धुकं असलं की कित्येक जण चारही इंडिकेटर लावून गाडी चालवतात. तसं केलं की वळताना दिलेला इंडिकेटर समोरच्याला वेगळा दिसतच नाही. धुक्यात डिपर खाली ठेवा, फॉग लॅम्प असेल तर तो लावा. चारही इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी आहेत.

उद्यमबाग, बेळगाव (ऑटो इलेक्ट्रिशियन)

जांबोटीच्या दादांनी बरोबर लिहिलंय. माझ्याकडं गाडी आली की मी पहिलं लाल त्रिकोणाचं, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावणारं बटण दाबतो, मग बाकी सगळं. त्या एका बटणातून निम्मा तपास होतो. जुन्या गाड्यांत बहुधा फ्लॅशर एकच असतो, पण इंडिकेटरचा आणि चारही दिव्यांचा फ्यूज वेगवेगळा असतो. म्हणून चारही लागतात पण डावा-उजवा एकही लागत नाही, अशा वेळी बल्ब, वायर, फ्लॅशर यांना हात लावायची गरज नाही. फ्यूज बघा, नाहीतर स्टीअरिंगखालची दांडी, म्हणजे कॉम्बिनेशन स्विच. चारही दाबले तरी एकच बाजू पूर्ण बंद, तर त्या बाजूची वायर किंवा कपलर (वायरींचा जोड). काहीच लागत नाही आणि टिकटिकही नाही, तर फ्लॅशर किंवा त्याला येणारी सप्लाय.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. १० च्या जागी २० चा किंवा नुसती तार घातलेल्या गाड्या माझ्याकडं येतात. त्यात फ्यूज वाचतो आणि वायर जळते. नवा फ्यूज परत उडाला तर कुठंतरी वायर बॉडीला लागतेय, ती शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका.

अर्थ, म्हणजे बल्बमधून बॉडीवाटे बॅटरीकडं जाणारा करंटचा परतीचा रस्ता, तपासायची माझी पद्धत सांगतो. इंडिकेटर चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन होल्डरच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा. दिवा पेटतो त्या क्षणी ०.२ व्होल्टच्या आत दाखवलं तर अर्थ चांगला. एक-दीड व्होल्ट दाखवला तर बॉडीला जिथं अर्थचा नट आहे तिथं गंज धरलाय. नट खोला, रंग आणि गंज खरवडून लखलखीत पत्रा दिसू दे, मग आवळा. नुसता आवळून उपयोग नाही.

निपाणी

माझा अनुभव एलईडीचा. उजेड जास्त म्हणून मागचे दोन्ही बल्ब काढून एलईडी बसवले, तर दोन्ही बाजूंना टिकटिक घाईघाईनं व्हायला लागली. धागाकर्त्यांनी लिहिलेलंच कारण. एलईडी जेमतेम तीन-चार वॅट खातो, फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला. दुकानदारानं बल्बएवढा भार दाखवणारा ६ ओहमचा रेझिस्टर जोडून दिला. वेग जागेवर आला, पण १२ व्होल्टला त्यातून २ अँपिअर जातात, म्हणजे २४ वॅटची निव्वळ उष्णता. तवंदी घाटाखाली गाडी बिघडलेल्या एका मित्रासाठी बराच वेळ चारही इंडिकेटर लावून थांबलो होतो. घरी येऊन पाहिलं तर रेझिस्टर प्लॅस्टिकच्या कडेला टेकला होता तिथं कड वितळून मऊ झालेली. शेवटी एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घेतला आणि रेझिस्टर काढून टाकले. ज्यांना रेझिस्टर बसवायचाच आहे त्यांनी तो पत्र्यावर स्क्रूनं बसवावा, वायरला लटकत ठेवू नये. माझं मत विचाराल तर शहाण्यानं कंपनीचाच बल्ब ठेवावा.

येळ्ळूर

छोटी गोष्ट, पण कुणी लिहिली नाही. पांढऱ्या काचेच्या लॅम्पमध्ये बल्ब नारिंगी असतो. जुना झाला की त्यावरचा रंग पापुद्रे निघून झडतो आणि उजेड पांढरट पडतो. दुपारच्या उन्हात तो मागून दिसतच नाही. भावानं माझ्या मागं गाडी चालवली म्हणून कळलं. नवा घेताना जुना बरोबर न्या. नारिंगी बल्बच्या बुडावरच्या दोन पिना समोरासमोर नसतात, थोड्या तिरक्या असतात. साधा पांढरा त्यात बसत नाही. दाबून बसवला तर होल्डर तुटतो.

शहापूर, बेळगाव (शिक्षिका)

माझ्या गाडीत बाजूचा इंडिकेटर आरशात आहे. ड्रायव्हरकडचा तेवढाच बंद, आणि टिकटिकचा वेग मात्र नेहमीचाच. त्यामुळं गाडीत बसून मला काही कळलंच नाही, माझ्या विद्यार्थ्यानं सांगितलं, "मॅडम, आरशातला दिवा लागत नाही." आरसा बदलायचा तर बरेच पैसे सांगितले होते. मी आधी एक करून पाहिलं. इंडिकेटर चालू ठेवून दार सावकाश उघडत-मिटत गेले. दार अर्धं उघडलं की दिवा लागायचा, मिटलं की बंद. म्हणजे आरसा निर्दोष होता. दार आणि बॉडीच्या मध्ये जी रबरी नळी असते तिच्यातून वायरी जातात, रोजच्या उघडझापीनं त्यातली एक आत तुटली होती आणि वरचं आवरण मात्र शाबूत. वायरमन काकांनी नळी मागं सारून तुटलेल्या जागी वायरचा नवा तुकडा घालून डाग (सोल्डर) दिला. डिक्कीच्या दारात जाणाऱ्या वायरींचंही असंच होतं, असं ते म्हणाले.

चिकोडी

आमची गाडी रानातल्या घराजवळ लागते, चहूकडं ऊस. उंदरांनी डिक्कीच्या अस्तरामागची वायर कुरतडली होती. इंडिकेटर दिला की आतला १० चा फ्यूज जायचा. अस्तर काढल्यावर उघडं तांबं पत्र्याला टेकलेलं दिसलं. पिळून टेप गुंडाळलेला जोड वर्षभरात सुटतो. डाग देऊन वरून उष्णतेनं आवळणारी नळी चढवून घ्या. ऊस तुटायला लागला की उंदीर घराकडं सरकतात, तेव्हा बॉनेट आणि डिक्की अधूनमधून उघडून बघत जावा.

आणि ट्रॅक्टरवाल्या भावांनो, ट्रॉलीच्या दिव्यांना करंट देणारा सात पिनांचा सॉकेट नुसता लोंबकळत ठेवू नका. जोडा. ट्रॉलीच्या मागं दिवा नसेल तर निदान लाल रिफ्लेक्टर तरी चिकटवा. आमच्या गावातला एक तरुण अशाच बिनदिव्याच्या ट्रॉलीला मागून धडकला. वाचला, पण पाय कायमचा अधू झाला.

हिंडलगा

वळण घेतल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. डावीकडं होतो, उजवीकडं नाही. इलेक्ट्रिशियन दादा, हे घरी होईल का?

उद्यमबाग (ऑटो इलेक्ट्रिशियन)

स्विच माघारी ढकलणारं प्लॅस्टिकचं नाक एका बाजूनं झिजलंय किंवा तुटलंय. घरी करू नका. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असते, बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय आम्हीसुद्धा तिथं हात घालत नाही. तोवर हातानं बंद करा. वळून गेल्यावरही चालू राहिलेला इंडिकेटर समोरच्याला फसवतो.

खानापूर

माझं वेगळंच आहे. हेडलाइट बंद असताना सगळं छान. रात्री लाइट लावून ब्रेक दाबला की डाव्या इंडिकेटरबरोबर मागचा लाल दिवाही मंद फडफडतो. बल्ब नवे आहेत.

उद्यमबाग (ऑटो इलेक्ट्रिशियन)

काका, डाव्या टेल लॅम्पचा अर्थ. परतीचा रस्ता बंद झाला की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून दोन्ही दिवे एकमेकांत मिसळतात. वर लिहिलेली मीटरची पद्धत करा. मीटर नसेल तर एक वायर होल्डरच्या अर्थला धरून दुसरं टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवा. लगेच फरक दिसला पाहिजे.

खानापूर

केलं. वायर टेकवल्याबरोबर लाल दिवा स्थिर. डिक्कीत डाव्या कोपऱ्यात, स्टेपनीच्या बाजूला अर्थचा नट होता, खाली सगळा तांबडा गंज. खरवडून नवा वॉशर टाकून आवळला. रात्री लाइट, ब्रेक, इंडिकेटर तिन्ही एकदम लावून मुलाला मागं उभं केलं, तिन्ही आपापले नीट. गंज डिक्कीत कुठून आला ते मात्र अजून बघायचंय. गालिचा ओला लागतोय, उद्या डिक्कीवर बाहेरून पाणी मारून तिचं रबर तपासतो.