तळणीचे तेल मोरीत ओतण्याबद्दल

उरलेले तेल गरम पाणी व साबणासह मोरीत ओतावे, अशी सूचना काही जण करतात; तिच्याशी मी सहमत नाही. साबणाने सुटे झालेले तेल पाणी निवताच पुढच्या पाइपात पुन्हा साकळते आणि अन्नकण धरून सांडपाण्याची वाट अडवते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगे (तेल वारंवार तापवल्याने त्यात वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांहून अधिक असलेले तेल स्वयंपाकात वापरण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी अशा तेलाचे बायोडिझेल करण्यासाठी 'रुको' उपक्रम आरंभला. मला सर्वाधिक काळजी वाटते ती हेच तेल स्वस्तात विकले जाऊन पुन्हा कुणाच्या तरी कढईत जाण्याची, म्हणून ते अधिकृत संकलकालाच द्यावे, हा माझा आग्रह आहे.

एका घरातून निघणारे तेल थोडे असल्याने सोसायटीने सामाईक पिंप ठेवणे सोयीचे, विशेषतः दिवाळीच्या फराळानंतर. तेल पूर्ण निवू द्यावे, गाळावे आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, कारण पाण्याचा अंश राहिल्यास मेथॅनॉल या अल्कोहोलसोबत प्रक्रिया करून बायोडिझेल बनवताना त्याऐवजी साबण तयार होऊ लागतो. कढईच्या तळाशी राहिलेला चमचाभर अंश मात्र रद्दी कागदाने पुसून मगच भांडे घासावे.