आयएसबीएन द्याच, पण हातातल्या प्रतीचा

वरती एकांनी विचारलंय की विकिपीडियावर संदर्भ देताना पुस्तकाचं नाव, लेखक, साल दिलं की झालं ना, आयएसबीएन (पुस्तकाच्या त्या-त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक) कशाला हवा. माझं म्हणणं, असेल तर द्याच. आणि तुमच्या हातात जी प्रत आहे तिच्यावरचाच द्या. मध्यंतरी मी एका लेखातला संदर्भ तपासत होतो, पान ११२ लिहिलेलं, लायब्ररीतली प्रत उघडली तर तिथे भलतंच काहीतरी, शेवटी तो मजकूर सापडला १३१ वर कारण आवृत्तीच वेगळी होती, नंबर दिलेला असता तर हे लगेच कळलं असतं, माझी अख्खी दुपार गेली त्यात. हार्डकव्हर, पेपरबॅक, ईबुक, सुधारित आवृत्ती, प्रत्येकाला वेगळा नंबर असतो. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच राहतो.

अजून एक, २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर बहुतेक १० आकडी नंबर असतो, त्याला नुसतं पुढे ९७८ चिकटवून १३ आकडी करू नका प्लीज. शेवटचा आकडा चेक डिजिट असतो, म्हणजे बाकीचे आकडे बरोबर आहेत का ते तपासायचा आकडा, तो नव्या हिशोबाने काढावा लागतो. म्हणजे ०-३०६-४०६१५-२ चा ९७८-०-३०६-४०६१५-७ होतो, बघा दोनाचे सात झाले. त्यापेक्षा पुस्तकावर छापलाय तसाच टाका.

आणि १९७० च्या आधीच्या मराठी पुस्तकांवर नंबर नसतोच, तिथे नेटवर शोधून नव्या आवृत्तीचा लावू नका, प्रकाशक, गाव, कितवी आवृत्ती आणि साल एवढं नीट लिहा.