टॅपेटची टकटक आणि इंजिनचे मिसिंग: नोझल बदलावेत का?

प्रश्न
नमस्कार. माझा सहा सिलिंडरचा, जुन्या पद्धतीच्या पंपाचा ट्रक सोलापूर–हैदराबाद मार्गावर चालतो. गेल्या आठवड्यात साखरेची पोती भरून निघालो असता नळदुर्गच्या पुढे टॅपेट कव्हरकडून (इंजिनच्या माथ्यावरचे, व्हॉल्व्हवरील झाकण) शिलाई मशिनसारखी टकटक ऐकू येऊ लागली, आणि उमरग्यापर्यंत पिकअप पार गेला. तिथे माल दुसऱ्या गाडीत भरून रिकामी गाडी सावकाश सोलापूरला आणली. स्लो रेसवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) इंजिन थरथरते, पांढरा धूर निघतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हवरचा गॅप लावणे) तीनच दिवस आधी करून घेतले होते. गॅरेजमध्ये मात्र सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदलण्यास सांगत आहेत. त्याआधी काय तपासावे?

उत्तर १
नोझलचा खर्च तूर्त थांबवावा. आवाज आणि मिसिंग (सिलिंडर न पेटणे) एकाच सिलिंडरचे आहे का, हे आधी ठरवले पाहिजे. स्लो रेसवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करा. जो सैल केल्यावर इंजिनच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला आहे. पाइप सैल करताच टकटकही थांबली, तर दोष नोझलचा असण्याची शक्यता अधिक. टकटक तशीच राहिली, तर कव्हर उघडून रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) आणि पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी सळई) पाहावेत. (ही चाचणी केवळ जुन्या पंपावर करावी. नव्या पद्धतीच्या कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्याही वर जातो आणि ती धार कातडीत घुसते.)

उत्तर २
आवाजाची गतीही पाहावी. ६०० फेऱ्यांच्या स्लो रेसला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा उघडतो. टकटक त्याच्या दुप्पट वेगाची आणि जड वाटली, तर क्रँकच्या बेअरिंगची शंका घेऊन इंजिन लगेच बंद करावे. थंड इंजिनात जोरात येणारा आणि तापल्यावर कमी होणारा आवाज पुष्कळदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा निघतो. तिथे काजळीचा पट्टा दिसतो.

प्रश्नकर्ता
काल पाइप सैल करून पाहिले. चौथ्याला काहीच फरक पडला नाही आणि टकटकही थांबली नाही. कव्हर उघडले, तर चौथ्याच्या इनलेट रॉकरचा लॉकनट बोटाने फिरत होता, स्क्रू मागे सरकला होता आणि पुशरॉड खोबणीतून निसटून किंचित वाकला होता. फिलर गेजची (गॅप मोजायच्या पात्यांचा संच) सगळी पाती एकत्र घातली, तरी ती सैलच राहिली. व्हॉल्व्ह उघडत नसल्यामुळे हवा आत जात नव्हती आणि डिझेल न जळता बाहेर पडत होते. पुशरॉड बदलून गॅप पुस्तकाप्रमाणे लावला. आता सहाही सिलिंडर मारत आहेत.

उत्तर १
उत्तम झाले. परंतु गाडी पाच सिलिंडरवर एवढी चालली आहे, तेव्हा चौथ्यातले डिझेल लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरले असणार. ऑइलची पट्टी काढून पाहा; पातळी वाढलेली असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फिल्टरसह ऑइल बदलल्याशिवाय भाडे घेऊ नका. उरलेल्या ११ लॉकनटांनाही पाना लावून पाहावा, कारण तेही त्याच हाताने आवळलेले आहेत.

प्रश्नकर्ता
पाना लावला. आणखी दोन सैल निघाले. ऑइल आज संध्याकाळी बदलत आहे.