आनंदी राहणं आपल्या हातात असतं, की हे फक्त खिडकीत बसलेल्यांनी म्हणायचं?

चौथी सीट (धागाकर्ता)

आमच्या ऑफिसात नुकतीच एक कार्यशाळा झाली. शनिवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, हे आधीच सांगून टाकतो. बोलावलेल्या बाईंनी पडद्यावर एक वर्तुळ दाखवलं: माणसाच्या आनंदातला ५० टक्के वाटा उपजत, १० टक्के परिस्थितीचा आणि उरलेला ४० टक्के आपल्या हातात. म्हणून तक्रारी थांबवा, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, आनंद निवडा. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा इथून आलेले.

माझं मत सरळ आहे. 'आनंद निवडा' हे ज्याची परिस्थिती बरी आहे त्याने ज्याची नाही त्याला सांगायचं वाक्य झालंय. परिस्थिती म्हणजे मी फक्त पगार धरत नाही, दिवसातला किती वेळ आपला उरतो तेही धरतो. २००४ साली टेक्सासातल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब लिहायला लावला होता, कोणत्या वेळी कसं वाटत होतं त्यासह. सकाळचा कामावर जायचा प्रवास अगदी तळाला निघाला. आणि तिथे कोणी फूटबोर्डवर लटकून जात नाही.

आमच्याकडे नालासोपाऱ्याची माणसं बसायला मिळावं म्हणून आधी उलटी विरारला जातात आणि त्याच गाडीने रिटर्न येतात. त्यातल्या एकाला वही देऊन बघा.

निशिगंध

असहमत, आणि जरा रागाने असहमत.

माझ्या आईला चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. डोंबिवलीत वन बीएचके, मी एकटी कमावती. सकाळी डायपर बदलायचा, कूस बदलून पाठ पुसायची, पावडर लावायची, पेज भरवायची, मग शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन स्टेशन गाठायचं. ही परिस्थिती उद्या बदलणार नाही, परवाही नाही. आणि तुम्ही म्हणताय की आनंद परिस्थितीवर ठरतो. मग मी काय करायचं, आई जायची वाट बघायची?

पाठ पुसताना मी रेडिओ लावते. आई डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर ठेका धरते, आणि चुकला की स्वतःच हसते. ते मी लावलेलं असतं, परिस्थितीने नाही. एवढी एकच गोष्ट माझ्या हातात आहे, तीही काढून घेऊ नका.

विदा हवा

त्या वर्तुळाबद्दल, कारण ते हल्ली प्रत्येक कार्यशाळेत फिरतं. मूळ मांडणी २००५ मधली, ल्युबोमिर्स्की, शेल्डन आणि श्केड या तिघांची. ते आकडे एका माणसाच्या आनंदाचे तुकडे नाहीतच. एखाद्या गटात माणसामाणसांत जो फरक दिसतो, तो कशाकशामुळे आहे याचा तो अंदाज आहे. आणि तोही मुख्यतः सुस्थितीतल्या देशांतल्या अभ्यासांवरून. जिथे सगळ्यांच्या नळाला चोवीस तास पाणी आहे, तिथे पाण्यामुळे पडणारा फरक शून्यच दिसणार. म्हणून पाणी बिनमहत्त्वाचं ठरतं का? २०१९ मध्ये खुद्द ल्युबोमिर्स्की आणि शेल्डन यांनी या चित्रावरच्या टीकेत तथ्य असल्याचं लिहिलं. ते कार्यशाळेपर्यंत पोचलेलं नाही.

पण धागाकर्त्यांनाही फार खूश होता येणार नाही. २००१ मध्ये कोलकात्यात झोपडपट्टीतले, फुटपाथवर राहणारे आणि वेश्याव्यवसायातले अशा ८३ जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. एकूण आयुष्याबद्दलचं समाधान मध्याच्या किंचित खाली आलं. मात्र घरची माणसं, मित्र याबद्दल विचारल्यावर उत्तरं समाधानाकडे झुकली. त्यातून 'गरिबीतही सुखी' असा मथळा काढणं जितकं चूक, तितकंच सगळं दुःखच असेल असं धरून चालणंही.

मनमोकळा

लॉटरी लागलेले आणि अपघातात लुळे पडलेले लोक वर्षभरात सारखेच सुखी होतात, असा एक प्रसिद्ध अभ्यास आहे ना? मग परिस्थितीचा प्रश्न येतोच कुठे? आपल्या संतांनीही हेच सांगून ठेवलंय, समाधान चित्तात असतं.

विदा हवा

तो अभ्यास असं म्हणत नाही. १९७८ चा आहे, २२ लॉटरीवाले आणि २९ अपघातग्रस्त. पाचपैकी लॉटरीवाल्यांचा आनंद ४, शेजारपाजारच्या साध्या लोकांचा ३.८२, अपघातग्रस्तांचा २.९६. लॉटरीने फारसं काही वाढलं नाही हे खरं. पण अपघाताने उतरलं, आणि हा भाग व्हॉट्सॅपवर येताना गळून पडतो.

चौथी सीट

आणि संतांना मध्ये आणू नका. तुकोबांची एक बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली आणि ते त्यांनी अभंगात लिहून ठेवलंय. 'मी आनंद निवडला' असं नाही लिहिलं.

निशिगंध, तुमचा रेडिओ मी काढून घेत नाहीये. माझा आक्षेप तुमच्या निवडीला नाही. उद्या तुमच्याकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, 'बघा, त्या हसतात, मग तुम्हाला काय धाड भरलीय', त्याला आहे.

गिरणगावकर

मी दोन्ही बाजूंना त्रास देणारी एक गोष्ट सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. लालबागच्या आमच्या चाळीत एकाच मजल्यावर दोघं एकाच गिरणीत, दोघंही साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर: माझे वडील आणि पलीकडच्या खोलीतले आबा. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही हे सगळ्यांना माहीत आहे. वडिलांनी सहा महिन्यांत भायखळ्याहून भाजी आणून गल्लीच्या तोंडाशी बसायला सुरुवात केली. गणपतीत वर्गणीची पावतीपुस्तकं तेच सांभाळायचे, भजनात पुढे. आबा खाटेवर बसून राहिले. मग गुत्त्यावर. पाच वर्षांत गेले.

चाळीत सगळे म्हणायचे, परिस्थिती एकच, पण आमच्या वडिलांनी मन खंबीर ठेवलं. मीही कित्येक वर्षं अभिमानाने हेच सांगायचो.

चौथी सीट

तुमच्या आईची खानावळ होती का? गिरणगावात बऱ्याच घरी असायची. घरी चूल पेटत असेल तर खंबीर राहायला जमतं.

गिरणगावकर

होती. सहा गडी जेवायला असायचे. पण तुमचा हिशेब इथे बसत नाही, कारण आबांचा धाकटा भाऊ बँकेत होता. त्यांच्या घरी पगार येत होता, आमच्याकडे नव्हता.

फरक कुठे होता ते मला बापाच्या तेराव्याला त्यांच्या गिरणीतल्या एका जोडीदाराने सांगितलं. वडिलांना गिरणीचा तिटकारा होता. पावणेसातचा भोंगा वाजला की त्यांच्या पोटात गोळा यायचा. त्यांना भाजी विकणं मनापासून आवडलं, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला मिळायच्या. आबा मात्र कारागीर माणूस. तुटलेला धागा साचा बंद न करता जोडायचे म्हणे, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, दुसऱ्यांना दाखवायला आणायचा. संपात वडिलांचा पगार गेला. आबांचं त्याहून बरंच काही गेलं. बाहेरून एकच संप दिसत होता, प्रत्येकाच्या खोलीत वेगळा होता. त्यामुळे एकाच परिस्थितीत एक हसतो नि एक रडतो, हे उदाहरण कोणी दिलं की मी आधी विचारतो, परिस्थिती एकच होती हे तुला कुणी सांगितलं?

आठ बाराची कर्जत

तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. एकटं बसून निवडायचा आनंद आणि परिस्थितीने दिलेला आनंद, याच्याखेरीज चार जणांनी मिळून केलेला असतो. आमच्या लेडीज डब्यात मटार सोलले जातात, दसऱ्याला डबा सजतो, संक्रांतीला तिळगूळ आणि वाण. बाजूच्या जेन्ट्स डब्यात टाळ-झांजा असतात. गर्दी तीच, घाम तोच. पण ग्रुप भेटला की प्रवास सुसह्यच काय, सुट्टीच्या दिवशी चुकल्यासारखं वाटतं. टेक्सासच्या बायकांना ग्रुप नव्हता, एवढंच.

निशिगंध

+१. हे कुणीतरी बोलायला हवं होतं.

तिसरी पाळी

अगदी मान्य, फक्त एक सांगा ताई. ग्रुप जमायला रोज तीच गाडी आणि तोच डबा लागतो ना? मी मालाडला कॉल सेंटरमध्ये आहे. पाळी दर आठवड्याला बदलते, रोस्टर रविवारी रात्री येतं. सहा वर्षं त्याच लाइनवर आहे, पण माझा एकही ग्रुप नाही. डिलिव्हरीवाल्या मुलांना तर रोस्टरही नाही. ठरलेली वेळ हा आता चैनीचा प्रकार झालाय. जुन्या गिरणीत पाळ्या होत्या, पण जोडीदार तेच असायचे, असं माझे आजोबा सांगत.

आठ बाराची कर्जत

हे लक्षात आलं नव्हतं. तरीही मी म्हणेन, सुरुवात कुणीतरी करतंच. आमच्या ग्रुपमध्येही पहिल्यांदा एकीने शेजारणीला 'घे गं, अर्धा किलो तू सोल' म्हटलं होतं. तिने म्हटलं नसतं तर आम्ही वीस वर्षं खिडकीबाहेर बघत गेलो असतो.

मनमोकळा

म्हणजे निवडच झाली की!

तिसरी पाळी

हो, पण तिला दुसऱ्या दिवशी तीच शेजारीण भेटली.

चौथी सीट

निशिगंध, एक विचारू? राग मानू नका. काकूंनी किल्ली घेणं बंद केलं तर?

निशिगंध

नाही मानत. तसं झालंय. काकू गेल्या मे महिन्यात दीड महिना गावी होत्या. ब्युरोची बाई ठेवली, बारा तासांचे पैसे देताना कंबर मोडली, शेवटचे आठ दिवस बिनपगारी रजा घेतली. त्या दिवसांत रेडिओ एकदाही लागला नाही. हे तुमच्या बाजूने लिहून घ्या, माझी हरकत नाही.

पण काकू परत आल्या त्या दिवशीही तो आपोआप लागला नाही. चार-पाच दिवस मी नुसतीच चिडलेली होते, आई ठेका धरायला हात उचलायची आणि मी बघायचेच नाही. नंतर एका सकाळी लावला. तो का लावला हे तुमच्या कुठल्याच आकड्यात मला सापडत नाही, आणि म्हणून मी अजूनही माझ्याच बाजूला आहे.