सेकंडहँड सायकल घेताना चोरीची गळ्यात पडू नये म्हणून काय केलंत? अनुभव सांगा

भाचा यंदा अकरावीला. घर चेंबूरला, कॉलेज सायनला. बहीण म्हणाली, दोन वर्षांत बाइक मागेल, नवी सायकल कशाला, जुनी बघ. बघायला लागलो. गेल्या आठवड्यात नवी वीस हजारांच्या घरात जाणारी गिअरवाली साडेचार हजारांत मिळत होती. विकणारा म्हणाला, रात्री साडेनऊला कुर्ला स्टेशनबाहेर या. बिलाचं विचारलं तर म्हणे, "दादा, सायकलचं बिल कोण जपून ठेवतं?"

मी गेलो नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या सायकलचंही बिल माझ्याकडे नाही. स्कूटरला आरसी बुक असतं, आरटीओत नोंद असते. सायकलला काय? मुंबईत ज्यांनी जुनी सायकल घेतली, विकली किंवा गमावली, त्यांनी लिहा. सल्ले नकोत, घडलेलं सांगा.

मुलुंडचा म्हातारा घोडा

घडलेलंच सांगतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनाच सायकलचं वेड लागलं होतं, दुकानांत नव्याला वेटिंग. मी ऑनलाइन जाहिरात बघून सात हजारांना हायब्रिड घेतली. विकणारा मुलगा चांगल्या घरातला दिसत होता, इंग्रजी फाडफाड. एवढ्यावर मी विश्वास ठेवला, हे आज लिहितानाही लाज वाटते.

सातआठ महिन्यांनी रविवारी सकाळी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला टपरीवर चहा पीत होतो. एक गृहस्थ माझ्या सायकलभोवती दोनदा फिरले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "राग मानू नका, सीट वर ओढून काढाल का? आत चिठ्ठी असेल." मी हसतच क्लॅम्प सैल केला. सीटची दांडी बाहेर आली आणि नळीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद दिसला. त्यावर त्यांचं नाव, फोन नंबर आणि खरेदीची तारीख. आठ महिने मी त्यांच्या नावावर बसून फिरत होतो!

दोघं मिळून पोलीस ठाण्यात गेलो. सायकल मुद्देमाल म्हणून जमा झाली आणि पुढे कोर्टाच्या आदेशाने त्यांना मिळाली. माझे सात हजार गेले, विकणाऱ्याचा फोन बंद. मला वाचवलं ते जुन्या चॅटने आणि यूपीआयच्या नोंदीने. रोख दिले असते तर मी कुणाकडून घेतली हे कसं पटवलं असतं, देव जाणे. चहाचे पैसे मात्र त्या गृहस्थांनी मला देऊ दिले नाहीत.

काळा कोट

धागाकर्त्याने सल्ले नकोत म्हटलंय, पण वर जे झालं त्यामागचा कायदा सांगतो. वस्तुविक्री कायदा 1930, कलम 27: विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराकडे मालकी नसते, म्हणून सात काय सत्तर हजार मोजले तरी सायकल मूळ मालकाचीच. फौजदारी बाजू वेगळी. पूर्वीच्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम 411 आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये आलंय, 1 जुलै 2024 पासून. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना घेतला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. भानगड त्या "वाटायला कारण" मध्ये आहे. वीसची वस्तू साडेचारला, रात्री, स्टेशनबाहेर, बिनबिलाची... पुढे मी बोलत नाही.

लालबागची लेक

बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. जुनी सायकल विकायला कुणी आला की ते आधी त्यालाच सांगायचे, "एक चक्कर मारून ये." आम्हाला वाटायचं ब्रेक बघतायत. ते बघायचे सीटची उंची. पावणेसहा फुटी माणूस आणि सीट बारा वर्षांच्या पोराची, गुडघे छातीला लागतायत, तर म्हणायचे, "ही तुझी नव्हे रे." एखादा म्हणायचा पुतण्याची आहे. मग पुतण्याला घेऊन ये!

दुसरं कुलूप. स्वतःची सायकल विकणारा बहुतेक कुलूपही देतो, निदान एक चावी. कुलूप नाही आणि फ्रेमवर कटरचे ओरखडे, म्हणजे काय ते समजा.

तिसरा फ्रेम नंबर. सायकल उलटी करा. पॅडलचा दांडा ज्या आडव्या नळीतून आरपार जातो, तिच्या पोटाला तो ठोकलेला असतो. काही जुन्या सायकलींना सीटखालच्या नळीवर असतो. ग्रीस आणि चिखल इतका बसतो की रॉकेलचा बोळा फिरवल्याशिवाय दिसत नाही. बाबा डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर भरवसा ठेवायचे. कानशीने घासलेली जागा हाताला सपाट आणि गुळगुळीत लागते, वरून कितीही रंग मारा. अख्खी सायकल मळलेली आणि तेवढाच भाग चकचकीत असेल तर ते नुसतं "चहा घेणार?" विचारायचे आणि माणूस आपणच निघून जायचा.

दादरकर काकू

विकणाऱ्यांचंही ऐका. मुलगा बंगलोरला गेला, त्याची सायकल मी विकायला काढली. येणारा प्रत्येक जण माझ्याकडे मी रात्री गज कापून सायकली पळवते अशा नजरेने बघायचा. एकाने आधार कार्डाचा फोटो मागितला. का देऊ? त्या आधी एकाने "मी आर्मीत आहे" म्हणून क्यूआर कोड पाठवलेला, स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे येतील. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही एवढं मला कळतं, मेल्या!

शेवटी एक मुलगी आली, कागद घरून लिहून आणलेला. फ्रेम नंबर, रंग, किंमत, तारीख, दोघींची नावं-पत्ते आणि "ही सायकल माझ्या मालकीची आहे" अशी ओळ. रक्कम पाच हजारांच्या वर म्हणून एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्पही तिनेच आणलं होतं. आधार मास्क केलेलं चालेल म्हणाली, शेवटचे चार आकडेच दिसतात ते. डेकॅथलॉनचं बिल मुलाने बंगलोरहून पाठवलं, मोबाइल नंबरवर निघालेलं असल्याने त्याला लगेच सापडलं. तिला मी पाचशे कमी केले, आणि वर लाडू दिला.

चाक_निखळलं

चोरबाजारात शोधायला गेलो होतो. शुक्रवारी. मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, आणि पहाटेचा जुना बाजार मी पोचेपर्यंत उठून गेलेला. माझा अनुभव संपला.

बोरिवली लोकल

मी गमावणाऱ्यांतला. सोसायटीच्या जिन्याखालून गेली. तक्रार द्यायला गेलो तर आधी सुचवलं गेलं की ऑनलाइन "हरवल्याची" नोंद करा. सायकल हरवत नाही हो, ती काय छत्री आहे? हरवल्याच्या दाखल्यावर तपास होत नाही, चोरीचा गुन्हाच नोंदवून घ्या. मी चिवटपणे बसून राहिलो. मग प्रश्न आला, फ्रेम नंबर? तो कुठे असतो हेही मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन फोन चाळला. कधीतरी चेन अडकली म्हणून सायकल उलटी करून मेकॅनिकला फोटो पाठवला होता. झूम केल्यावर नंबर दिसला!

चौदा महिन्यांनी जानेवारीत फोन आला. 2 जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन, त्या आठवड्यात बरेचदा मुद्देमाल परत देण्याचे कार्यक्रम होतात, त्यात माझी सायकल. चेन गंजलेली, मागचं टायर बदललेलं, आणि हँडलला नवीकोरी पितळी घंटी. मधल्या काळात कुणीतरी हौसेने बसवलेली. ती अजून वाजवतो. कुणाची असेल, मुलुंडकरांसारखाच एखादा असेल का, हे दर वेळी मनात येतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल सायकल घेतली. मुलुंडच्याच एका बाईंकडून, साडेसहा हजार, दिवसाढवळ्या, त्यांच्या घरी. बिल नव्हतं, पण लेकाचा त्याच सायकलवरचा सातवीतला फोटो भिंतीवर होता आणि कुलपाच्या दोन्ही चाव्या मिळाल्या. नंबर वाचताना मात्र फजिती झाली. सहावा आकडा 8 की 3, यावर त्यांच्या गॅलरीत माझी आणि भाच्याची जुंपली. मग लहानपणी नाण्यावर करायचो तसं कागद धरून वरून पेन्सिल घासली. 8 निघाला. तो कागद पावतीला टाचलाय, आणि सीटच्या नळीत चिठ्ठी गेलीय, दुधाच्या पिशवीत गुंडाळून. भाच्याची एकच तक्रार, चिठ्ठीवर मामाचा नंबर का, माझा का नाही.