नवी लॅम्बोर्गिनी काउंटाश, खरं सांगा आवडली का?

म्हापशेकर: 2021 ची एलपीआय 800-4 बघितली का रे कोणी? मला तर जुन्या काउंटाशच्या त्या बॉनेटमधून वर येणाऱ्या हेडलाइट्स गेल्या तिथंच अर्धी मजा गेली, दरवाजे कात्रीसारखे वर उघडतात तेवढंच समाधान

मडगावकर: मूळ डिझाइनवाला गांदिनीच म्हणाला की माझा ह्याच्याशी संबंध नाही, मग काय बोलायचं

चोर्लाघाट: मागचा मोठा विंग नाही म्हणून रडणाऱ्यांनो, 1971 ला जिनिव्हात दाखवलेल्या पहिल्या पिवळ्या काउंटाशला तरी कुठं होता? आणि 12 सिलिंडरचं व्ही12 इंजिन ठेवलंय ना, सोबत 48 व्होल्टची मोटर, मिळून 814 पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर)!

म्हापशेकर: ते ठीक, पण 112 च गाड्या बनवल्या

फोंड्याचा_बाब: बरंच झालं, पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये 814 पीएस घेऊन काय करणार, पहिल्याच खड्ड्यात नाक घासेल